मदत हवी आहे: पुडी खाणाऱ्या पोराला टीममध्ये ठेवायचं का काढायचं?

नमस्कार मंडळी, मी चोपडा तालुक्यातल्या केळीवाल्या गावातून लिहितोय. आमच्याकडे सातवी-आठवीपासूनच पोरांच्या तोंडात पुडी, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण टपरीवाला सुपारीची पुडी वेगळी अन तंबाखूची वेगळी देतो, दोन्ही एकत्र केल्या की झाला गुटखा. दहावीनंतर पोरगा केळी कापणीच्या गाडीवर जायला लागला की मजुरीसोबत पुडी, अन गाडी भरून झाली की क्वार्टर.

शाळेत व्याख्यान झालं, कॅन्सरचे फोटो दाखवले, पोरं तिथून उठून सरळ टपरीवर. म्हणून आम्ही चौघांनी पोरांनाच पुढे करायचं ठरवलं. क्रिकेटची टीम केली, नियम एकच, पुडी खाणारा खेळणार नाही. सहा पोरांनी खरंच सोडली. पण मागच्या महिन्यात आमचा मेन बॉलर, वय १७, सापडला अन पोरांनीच त्याला काढलं. आता तो दिवसभर स्टँडवर बसतो, त्याच्यामागे अजून दोघं गेले. त्याची आई परवा म्हणे, "भाऊ, तुमनाकडे येये तवय रविवार तरी चांगला जाये." तेव्हापासून वाटतंय आपला नियमच चुकला. पण ढिला केला तर ज्यांनी सोडली त्यांना काय सांगू?

दुसरं, शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकता येत नाही, १८ च्या खालच्याला तर कुठेच नाही. पोरांना हे ग्रामसभेत बोलायचंय, पण टपरी टीममधल्याच एकाच्या काकाची आहे. घरात भांडण लागेल अशी भीती वाटते. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, बॉलरला उद्याच परत बोलवा. मी स्वतः ११ वर्षं तंबाखू खाल्ली, तीनदा सुटली तीनदा लागली, नियमाने तलफ जात नाही. "मैदानावर पुडी नाही" एवढंच ठेवा, अन ज्या सहा जणांनी सोडली त्यांनाच त्याच्यासोबत जोडीला द्या, तलफ थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ बाजूला कोणी पाहिजे. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, त्याच्याजवळ बसून लावा. टपरीच्या अर्जावर पोरांच्या सह्या नको, मोठ्यांच्या घ्या, बायांच्या जास्त घ्या. शहाद्याकडे ७० च्या दशकात आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली ती सगळ्यांनी मिळून, एकीवर आलं नाही. अन काकाला आधी घरी जाऊन भेटा, ग्रामसभा नंतर.