आमदारकीचा उमेदवार पारखायचा कसा? सल्ला हवा आहे

माणदेशी_सायली
नमस्कार मंडळी. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान आहे, माघारीची मुदत परवा ४ तारखेला संपली. आमचा मतदारसंघ टेंभू योजनेच्या, म्हणजे कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या उपसा सिंचन योजनेच्या पट्ट्यातला. खरी लढत तिघांत आहे: विद्यमान आमदार, जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य आणि एक अपक्ष, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. या तिघांची पार्श्वभूमी, आजवरचं काम आणि निवडून आल्यावर ते आधी कशाला हात घालणार, हे मला बघायचंय. नोकरी आणि सासूबाईंचं दुखणं यातून फक्त येता रविवार मोकळा मिळेल. तेवढ्यात काय आणि कुठे बघू? कोण येणार, कुणाची हवा, जातीची गणितं हे कृपया नको.

बाळू_तात्या
ताई, नको म्हणालात तरी सांगतो. अपक्षाला मत म्हणजे मत पाण्यात. एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर १० हजारांचं डिपॉझिट जप्त होतं बघा. आमच्या गल्लीला आमदारसाहेबांनी पेव्हर ब्लॉक दिले. सकाळी फोन केला, दुपारी मुरूम येऊन पडला. याच्यापेक्षा पार्श्वभूमी ती काय बघायची?

वकील_कऱ्हाड
पेव्हर ब्लॉक बाजूला ठेवा. पहिल्यांदा उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं शपथपत्र काढा, नमुना २६. त्यात मालमत्ता, उत्पन्न आणि गुन्हे लिहिलेले असतात. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालामुळे ते मतदाराला मिळू लागलं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तिघांचंही असेल. शेवटचा गोषवारा वाचून थांबू नका. स्थावर मालमत्तेत वारसाने आलेली किती आणि स्वतः घेतलेली किती, घेतली तेव्हाची किंमत आणि आजचा बाजारभाव हे वेगवेगळे दिलेले असतात. पाच वर्षांची आयकर विवरणपत्रातली उत्पन्नं शेजारी ठेवा. उत्पन्न आणि जमीनखरेदी यांचा मेळ बसतो का, ते लगेच कळतं. सरकारशी केलेल्या कंत्राटांचा रकाना आवर्जून बघा, त्यात पती-पत्नीची कंत्राटंही दाखवावी लागतात. विद्यमान आमदारांचं २०१९ चं शपथपत्रही मिळेल. दोन्ही समोरासमोर ठेवा.

सह्याद्रीपुत्र
शपथपत्र बघा. मोबाइलवर मिळतं. मी २०१९ ला आमच्याकडच्या झाडून सगळ्या उमेदवारांची वाचली होती, अपक्षांसकट. रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

दूधवाला_खानापूर
गुन्हे बघायला गेलात तर मतच देता यायचं नाही. दूधदराच्या आंदोलनात रस्ता अडवला म्हणून माझ्यावर जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) ३४१ म्हणजे वाट अडवणं आणि १४३ म्हणजे बेकायदा जमाव लागलं, अजून तारखा चालू आहेत. उद्या मी उभा राहिलो तर लोक म्हणणार, गुन्हेगार आला. आणि दुधाचा भाव मात्र आहे तिथंच.

वकील_कऱ्हाड
म्हणूनच नुसता आकडा मोजायचा नाही, कलम वाचायचं. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण जुन्या गुन्ह्यांना जुनीच कलमं दिसतील. १४३, ३४१, १८८ (सरकारी आदेश मोडणं), पोलीस कायद्याचं १३५ ही आंदोलनातली नेहमीची कलमं. ४२०, ४०६, ४०९ दिसलं तर थांबा. फसवणूक आणि विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार ही वेगळी गोष्ट आहे. न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत का, तोही रकाना असतो.

दूधवाला_खानापूर
३५३ चं, सरकारी नोकरावर हल्ल्याच्या कलमाचं काय मग? साहेबाच्या टेबलावर नुसता हात आपटला तरी लावायचे.

वकील_कऱ्हाड
३५३ ला घटना काय ते विचारावं लागतं. माझ्याकडे खरीही आलीत आणि राग म्हणून लावलेलीही.

सांगोलेकर_आबा
आम्ही सांगोल्यातून शेकापच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार म्हणून निवडून दिलं. पहिल्यांदा १९६२ साली. मधे ७२ ला आणि ९५ ला पाडलंही. माणूस एसटीने मुंबईला जायचा, बहुतेक काळ विरोधी बाकावरच होता. टेंभूचं पाणी आज ज्या शिवारात दिसतं, त्यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या. मूल्यं बघायची तर माणूस सत्ता नसताना काय करत होता ते बघावं, पोरी. तुमचे मुख्याध्यापक दुष्काळात कुठे होते, याची चौकशी कर. चारा छावणीवर दिसले होते का?

अधिवेशन_वाचक
विद्यमान आमदारांसाठी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरचं कामकाज बघा. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी), अर्थसंकल्पावरचं भाषण. तारांकित प्रश्नाखाली बऱ्याचदा पंधरा-वीस आमदारांची नावं असतात, तेव्हा नावावर जाऊ नका, उपप्रश्न कुणी विचारला ते बघा. आमदाराचं मूळ काम कायदा आणि बजेट हे आहे. पेव्हर ब्लॉक नगरपंचायतही बसवते.

बाळू_तात्या
नगरपंचायतीला निधी कोण आणतं मग? सभागृहात भाषण ठोकून गटार वाहतं का?

अधिवेशन_वाचक
तात्या, टेंभूच्या वीजबिलात ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी हा वाटा ठरला, तो सरकारच्या धोरणातून. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचायचं तर २००५ च्या कायद्याखालच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था चालाव्या लागतात. ही भांडणं मुंबईत आणि नागपुरात, अधिवेशनातच भांडायची असतात.

बाळू_तात्या
पाणी आमच्याकडं येतंय. पोटपाटाला गेट बसवून घेतलं, तेबी साहेबांनीच.

पुणेरी_सातबारा
रविवारी कोपरा सभा असतीलच. प्रश्न एकच विचारा पण नेमका विचारा: 'पहिल्या अधिवेशनात कुठला विषय मांडणार?' 'विकास करणार' असं उत्तर आलं तर घरी जा. आणि मी विद्यमानांनाच मत देईन, नव्या माणसाची पहिली दोन वर्षं नियम शिकण्यातच जातात.

सह्याद्रीपुत्र
शपथपत्राचं मी वर सांगितलंच आहे. विद्यमानच बरे. सरकार दरबारी ओळख लागते.

माणदेशी_सायली
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार सार्थकी लागला. माजी सदस्यांच्या कंत्राटाच्या रकान्यात पत्नीच्या भागीदारी संस्थेची रस्त्यांची कामं निघाली. लपवलेलं काही नाही, पण ज्या खात्याला जाब विचारायचा त्याचंच बिल घरी येणार असेल तर मला ते पटत नाही. विद्यमान आमदारांची लक्षवेधी चांगली होती, वीजबिलावरचीच. मुख्याध्यापकांच्या सभेला साठेक माणसं असतील. मी पहिल्या अधिवेशनाचं विचारलं. त्यांनी पिशवीतून शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांच्या पाणीपट्टीच्या पावत्या काढल्या. पैसे भरलेले, आणि मागे प्रत्येकाने पाणी कधी आलं ते पेन्सिलने लिहिलेलं. दोन पावत्यांवर 'आलं नाही' एवढंच होतं. म्हणाले, पहिला प्रश्न हाच, मोजून पाणी आणि मोजून पट्टी. आबा, छावणीचंही विचारलं. शाळेच्या पटांगणात जनावरं बांधू दिली म्हणून त्यांना नोटीस आली होती. मी मत त्यांना देणार आहे.

बाळू_तात्या
पडणार ते, ताई. लिहून ठेवा.

माणदेशी_सायली
पडू देत, तात्या. त्यांना किती मतं पडली ते बाकीच्या दोघांनाही दिसेल.

सांगोलेकर_आबा
वकीलसाहेब, मोबाइलवर शपथपत्राची अक्षरं मला दिसत नाहीत. कागदावर कुठे वाचायला मिळेल?

वकील_कऱ्हाड
निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सूचना फलकावर लावलेलं असतं, आबा. चष्मा घेऊन सकाळी जा, दुपारनंतर तिथे फार गर्दी होते.