‘आमच्या वेळी कुठे होत्या जाळ्या?’ : एक लांबलेलं उत्तर

मुक्काम_धायरी

काल ‘जुनं पुणं’ धाग्यावर नारायणपेठी यांनी लिहिलं, की हल्लीचे आईबाप पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपतात; त्यांच्या वाड्यात खिडक्यांना जाळ्या नव्हत्या, ‘पडशील, पडशील’ करत मागे कुणी धावायचं नाही, तरी सगळी पोरं धडधाकट वाढली. खाली ‘अगदी अगदी’ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते मूळ लेखापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

काका, तुमच्या वाड्याला वर एकच माडी. तिथून पोर पडलं तर हात मोडायचा, हाडवैद्याकडे न्यायचं, महिनाभर गळ्यात झोळी. मी अकराव्या मजल्यावर राहते. तुमच्याकडे ओट्यावर एक तरी आजी गहू निवडत बसलेली असायची आणि दुसऱ्याच्या पोराच्याही पाठीत धपाटा घालायची. माझ्या मजल्यावर चार फ्लॅट. दोन दिवसभर कुलूपबंद, तिसऱ्यात रात्रपाळी करून झोपलेली पोरं, चौथी मी.

मुलगा साडेतीन वर्षांचा होता. हॉलमध्ये खिडकीला लागून दिवाण. मी कुकर बंद करायला आत गेले, बाहेर आले तर साहेब लोडावर उभे. दोन्ही तळहात डासांच्या जाळीला टेकून खालचा जेसीबी बघताहेत आणि जाळी बाहेरच्या बाजूला फुगलेली. मी हाक मारली नाही. दचकला तर पुढेच जाईल, एवढं कसं सुचलं देव जाणे. चपला काढल्या, मागून गेले, कंबरेला धरून उचलला. मग त्याला जेसीबी बघू दिला नाही म्हणून तो अर्धा तास रडला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ग्रिलसाठी सोसायटीकडे अर्ज. आठ महिने झाले. उत्तर एकच : एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं.

२०२५ च्या जुलैत कात्रजजवळ गुजर-निंबाळकरवाडीत चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर लटकली होती, आठवतंय ना? आई दुसऱ्या मुलीला शाळेत सोडायला गेलेली. अग्निशमन दलातला एक जवान सुट्टीवर घरीच होता, त्याच परिसरात राहणारा, म्हणून ती वाचली. आता सांगा, आम्ही भित्रे, की आमच्या खिडक्या उंच?

नारायणपेठी

‘काका’ ही पदवी आपण परस्पर बहाल केलीत, आभारी आहे.

पोरांना अकराव्या मजल्याच्या खिडकीत उभं करा असं मी कुठे लिहिलं, ते वाक्य दाखवावं. माझा मुद्दा भीतीचा होता. आठव्या वर्षी वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला कॅनॉलमध्ये ढकललं. दोन दिवस नाकातोंडात पाणी, तिसऱ्या दिवशी डबा सोडला. आज माझ्या सातवीतल्या नातवाला गॅस पेटवता येत नाही. सफरचंद कापायला सुरी मागितली तर सूनबाई ‘नको, मी देते कापून’ म्हणतात. लक्ष्मी रस्ता ओलांडताना तो माझा हात धरतो. मला आधार म्हणून नव्हे, स्वतःला! उद्या हा मुलगा कॉलेजात गेला, मित्रांबरोबर खडकवासल्याला गेला, की याला पाण्याची खोली कळणार आहे का? ज्याला कधी खरचटू दिलं नाही, त्याला कुठे थांबायचं हे कोण शिकवणार?

खिडकीला जाळी लावा, खुशाल लावा. पोराला लावू नका, एवढंच.

रस्तेपीडित

दोघांचंही बरोबर आणि दोघांचंही फोल. खिडकी, सुरी, कॅनॉल... अहो, सकाळी सात वाजता कुठल्याही शाळेबाहेर उभे राहा. ॲक्टिवावर पुढे एक पोर उभं, मागे एक बसलेलं, मध्ये दप्तरं, आईबापाच्या डोक्यावर हेल्मेट (असलं तर) आणि पोरं बोडकी. ब्रेक दाबला की पुढच्याचं तोंड थेट हँडलवर. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतं. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलांसाठी तर फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, असा नियम आहे. कुणी पाहिलाय तो पट्टा पुण्यात? मी पाहिलेला नाही.

चहाटळ

आलं! सत्तावीस मिनिटांत हेल्मेट आलं. पुण्यातला धागा मंगळावरच्या मातीबद्दल असला तरी चौथ्या प्रतिसादात हेल्मेट येतंच. २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा अख्खं शहर मानेच्या मणक्याचं तज्ज्ञ झालं होतं, ते विसरलात वाटतं. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

रस्तेपीडित

दिवे घेतले. शेजारचा नववीतला मुलगा क्लासला गाडी घेऊन जातो, तो आपटला की तुमच्याकडेच पाठवतो दिवे घ्यायला. पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे २०१९ पासून कायद्यात आहे. कल्याणीनगरला अल्पवयीन पोराने गाडीने दोघांना उडवलं आणि जामिनासाठी त्याला निबंध लिहायला सांगितला, त्यानंतर चार दिवस सगळ्यांनी निबंधाचे विनोद केले आणि पाचव्या दिवशी पोराच्या हातात किल्ली.

सचिव_नाइलाजाने

मी या बाईंच्या सोसायटीचा सचिव नाही, पण सचिव आहे, त्यामुळे दुसरी बाजू ऐकाच.

‘एलिव्हेशन’ म्हटलं की सगळे हसतात. ग्रिलला परवानगी दिली की काय होतं? खिडकीबाहेर दोन फुटांचा पिंजरा येतो. त्यात आधी तुळस, मग सहा कुंड्या, मग जुनी सायकल, मग दिवाळीचे डबे. आमच्याकडे सहाव्या मजल्यावरून कुंडी खाली आली. खाली तेव्हा कुणी खेळत नव्हतं हे नशीब. ज्यांची कुंडी, ते म्हणाले, ‘वारा होता.’ आणि आग लागली तर? पिंजऱ्यातून माणूस काढायचा कसा? एका पोराची सुरक्षितता बघताना उरलेल्या ऐंशी घरांची कुणी बघायची? सचिवाने? त्याला महिन्याला मिळतं काय, तर व्हॉट्सॲपवर शिव्या.

मुक्काम_धायरी

मी पिंजरा मागितलाच नाही, सपाट ग्रिल मागितलं. आतून! आतल्या ग्रिलने बाहेरचं एलिव्हेशन कसं बिघडतं, हे मला कुणीतरी चित्र काढून दाखवा. तुमच्या कुंडीचा राग माझ्या अर्जावर नको.

आणि आग लागली तर मी अकराव्या मजल्यावरून उडी मारणार आहे का?

सचिव_नाइलाजाने

उडी नाही मारणार, पण शिडी आली तर बाहेर कशा येणार? भावनेच्या भरात नियम बदलत नसतात. तुम्ही कुकरकडे गेलात तेव्हा दिवाण खिडकीखाली कुणी ठेवला होता? सोसायटीने?

झोपवणारी

हे शेवटचं वाक्य मागे घ्या. मतभेद असू देत, पण साडेतीन वर्षांच्या पोराच्या आईला असं विचारायचं नसतं.

सचिव_नाइलाजाने

बरं, मागे घेतलं. दिवाण मात्र तिथेच आहे.

बंबवाला

वीस वर्षं बंबावर काढली, आता निवृत्त. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून भांडण मिटत नाहीये.

सचिवसाहेब, आगीत बहुतेक जीव धूर घेतो. उंच मजल्यावरच्या माणसाने उडी मारायची नसते. जिन्यात धूर असेल तर दार लावायचं, फटीत ओलं फडकं कोंबायचं आणि खिडकीशी येऊन उभं राहायचं. त्यासाठी खिडकी उघडायला हवी. सगळीकडून वेल्डिंग केलेलं ग्रिल आम्हाला कापत बसावं लागतं, तोवर आत काय होतं ते लिहीत नाही. म्हणून ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा हवा, त्याला कुलूप, आणि किल्ली तिथेच भिंतीला, मोठ्यांच्या हाताला लागेल अशा खिळ्यावर. ड्रॉवरमध्ये नको, अंधारात ड्रॉवर सापडत नाही.

बाई, तुम्हाला : ग्रिल आडव्या सळ्यांचं घेऊ नका. आडव्या सळ्या म्हणजे पोराला शिडीच. उभ्या घ्या, आणि दोन सळ्यांतून डोकं जाणार नाही इतक्या जवळ. लोक कबुतरांची नायलॉन जाळी लावतात आणि निर्धास्त होतात. ती कबुतरासाठी आहे, बारा किलोच्या पोरासाठी नाही. डासांची जाळी तर तुम्ही पाहिलीच. परवानगी येईपर्यंत काय करायचं, तर स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये स्टॉपर बसवा. खिडकी चार बोटं सरकते आणि थांबते. त्याला कमिटी लागत नाही, एलिव्हेशनही लागत नाही. आणि दिवाण आजच हलवा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

चहाटळ

दोन दिवसांच्या भांडणात पहिला कामाचा प्रतिसाद. लगेच संशय येतोय.

झोपवणारी

माझी गाडी कायम इथेच येते, माफ करा. मी भूल देते. खिडकीवर शेकडो प्रतिसाद येतील, पण माझ्या टेबलावर पोर येतं ते शेंगदाण्यामुळे. पोह्यातला शेंगदाणा, खिचडीतला, चिवड्यातलं डाळं. दोन वर्षांचं पोर, दाढा धड आलेल्या नाहीत, तोंडात दाणा, समोर मोबाईल, कुणीतरी हसवलं, आणि तो श्वासनलिकेत गेला. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही. मग घरचे म्हणतात, ‘फोटो तर साफ आहे, खोकलाच असेल.’ आठवड्याने धाप लागते. दुर्बीण घालून काढावा लागतो आणि तोवर तो फुगून मऊ झालेला असतो, चिमट्यात तुटतो. चार-पाच वर्षांपर्यंत दाणे कुटून घाला. कूट तर आपल्या प्रत्येक घरात असतं!

अडकलाच आणि पोराचा आवाज बंद झाला, तर घशात बोट घालून शोधू नका, आणखी आत जातो. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापट्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबायचं. आणि शेजाऱ्याला लगेच १०८ ला फोन करायला सांगा, तुम्ही थापट्या थांबवू नका.

नारायणपेठी, तुमच्या पिढीच्या पोह्यांतही शेंगदाणे होते. माझ्या मोठ्या मावशीचा एक मुलगा ‘घटसर्पाने’ गेला असं घरात सांगतात. आजी सांगायची, सकाळी तो चिवडा खात होता. मी काही बोलत नाही, पण मला वाटायचं ते वाटतंच.

नारायणपेठी

हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ उठून गेलो होतो.

कॅनॉलचं मी लिहिलं. डबा बांधून आम्ही सात जण जायचो. आता कोजागरीला भेटतो ते सहा. सातव्याचं नाव कुणी काढत नाही, आणि कालच्या लेखात मीही काढलं नव्हतं. त्या दिवशी त्याने डबा आणला नव्हता आणि दुपारी पाणी वाढलेलं होतं.

याचा अर्थ माझं मत बदललं असा कुणी घेऊ नये. त्याला पोहायला नीट शिकवलं असतं तर तो आज आठ वाजता मला फोन करून शिव्या देत असता. पोरांना पाण्यापासून लांब ठेवणं हा उपाय नव्हे. तलावावर नेऊन शिकवा, काठावर मोठं माणूस बसवा. नातवाला सुरी मी परवाच दिली. बोट कापलं, रक्त आलं, पट्टी लावली, उरलेलं सफरचंद त्यानेच कापलं. सूनबाई अजून बोलत नाहीत.

मुक्काम_धायरी

सुरीला माझी हरकत नव्हतीच. माझाही भेंडी कापतो, वाकडीतिकडी. बोटाला सुरी लागली तर पुढच्या वेळी बोट मागे घेता येतं, हे त्याला कळलं. खिडकीत पुढची वेळ नसते, काका. मला एवढंच म्हणायचं होतं आणि त्यासाठी मी उगाच एवढे शब्द लिहिले.

दिवाण हलवला. आता टीव्ही तिरका दिसतो, नवरा कुरकुरतोय.

सचिव_नाइलाजाने

आतून, सपाट, उभ्या सळ्या, एक भाग उघडणारा, किल्ली खिळ्यावर. या अटी घालून आमच्या पुढच्या सभेत विषय घेतो. कुंडी ठेवायला जागा राहत नाही, त्यामुळे मलाही पटतंय. कुणाला सांगू नका.

रस्तेपीडित

आणि हेल्मेट?

चहाटळ

पुढच्या धाग्यात. नक्की येईलच.

नारायणपेठी

बंबवाले, ते स्टॉपर कुठे मिळतात? धाकटी नात शनिवारी राहायला येते आहे. तीन वर्षांची. आमचा वाडा पाडून आता सातव्या मजल्यावर फ्लॅट दिलाय, हे मी लेखात लिहिलं नव्हतं.

बंबवाला

बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे विचारा. जाण्याआधी ट्रॅकची रुंदी मोजून कागदावर लिहून न्या, नाहीतर दोन खेपा होतील. एका खिडकीला दोन लागतात.