मास्तरांनी केलेला प्रेमळ छळ: तुमचे किस्से येऊ द्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ; आपण एकेक कॅरेक्टर चालवतो आणि बाकीचं जग मास्तर, म्हणजे डीएम, चालवतात. पुठ्ठ्याच्या पडद्याआडून फासा टाकल्याचा आवाज येतो. मास्तर खाली बघतात, "हं" म्हणतात, आणि काही न सांगता गोष्ट पुढे नेतात. त्यानंतर कोणाचंच लक्ष गोष्टीत राहत नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधताही कॅरेक्टरच्या किती लक्षात येतं तो आकडा) म्हणजे १० अधिक आपला मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाचा अधिक-उणे आकडा, त्यामुळे पुष्कळदा तो फासा टाकायची गरजही नसते. तरी टाकतात. तो आवाज खास आपल्यासाठी असतो.

हा छळवाद खेळाइतकाच जुना आहे म्हणा. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आलं आणि १९७५ मध्येच त्याच्या एका निर्मात्याने, गॅरी गायगॅक्सने, ओरिजिन्स या खेळांच्या मेळाव्यातल्या स्पर्धेत टूम ऑफ हॉरर्स हे भुयारी साहस खेळवलं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड माणूस आत शिरेल एवढं उघडं आणि आत मिट्ट काळोख. आत गेलेला माणूस जागच्या जागी नाहीसा होतो, वाचण्यासाठी टाकायचा फासा, म्हणजे सेव्हिंग थ्रो, तोसुद्धा मिळत नाही. बाहेरच्यांना यातलं काही दिसत नाही, त्यामुळे पहिल्याला शोधायला दुसरा आत जातो.

माझं म्हणणं असं की चांगल्या मास्तरांना एवढंही करावं लागत नाही. त्यांनी खेळाडूंना विचार करायला नुसता वेळ द्यावा, पुढचा छळ ते आपला आपण करून घेतात. पटत नसेल तर तेही लिहा. अट एकच, छळ कॅरेक्टरचा असावा, माणसाचा नको.

माझ्यापासून सुरुवात. आमच्यासमोर एक लाकडी दार होतं. कुलूप नाही, कोरीव काम नाही, काही नाही. आमची रोग (Rogue, म्हणजे चोर-हेर कॅरेक्टर) म्हणाली, "मी दार ढकलते." मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "कोणत्या हाताने?"

झालं. सेशनचा उरलेला सगळा वेळ त्या दारात गेला. ट्रॅप शोधून झाले, जादू तपासली, दोरी बांधून लांबून ओढून बघितलं, क्लेरिकने देवाला कौल लावला. शेवटी उजवा हात की डावा यावर मतदान घेतलं. आत झाडू ठेवायची खोली होती आणि खोलीत एक झाडू. जादूचा नाही, साधा. पण एवढं करून मिळालेली वस्तू सोडवेना, म्हणून तो आम्ही कॅम्पेनभर, म्हणजे पूर्ण गोष्ट संपेपर्यंत, बाळगला. अखेरच्या लढाईत काळ्या सिंहासनावरचा नेक्रोमॅन्सर (मुडद्यांची जादू करणारा) उठून उभा राहिला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "माझा झाडू कुठाय?"

* * *

आमच्याकडे पेटाऱ्यांचं प्रकरण. मिमिक हा पेटाऱ्याचं सोंग घेणारा चिकट प्राणी १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून लोकांचे हात चिकटवून घेतोय, तरी आम्हाला तो नव्याने भेटला आणि फायटरचा हात कोपरापर्यंत गेला. त्यानंतर आमचा नियम ठरला: पेटारा दिसला की आधी लांबून बाण मारायचा, मग बोलायचं. डीएम काही बोलला नाही. पुढच्या पेटाऱ्यावर बाण बसला तेव्हा त्याने फक्त काच फुटल्याचा आवाज काढून दाखवला. आत हीलिंग पोशनच्या बाटल्या होत्या. तळाशी लाल थारोळं.

आम्ही शहाणे झालो. त्याच्या पुढचा पेटारा अगदी हलक्या हाताने उघडला. तो मिमिक होता.

* * *

"तुझे हिट पॉइंट किती उरलेत रे?"

सहज विचारलं म्हणे, जीव किती शिल्लक आहे ते.

* * *

मी पडद्याच्या पलीकडे बसते, त्यामुळे माझा किस्सा जरा उलट्या बाजूचा.

खेळाडूंनी एक गॉब्लिन जिवंत पकडला. तो मरण्यासाठीच आणला होता, माझ्याकडे त्याची नोंदसुद्धा नव्हती. कोणीतरी त्याला नाव विचारलं आणि मी सुचेल ते सांगितलं. नाव मिळालं की एनपीसी (मास्तरांनी चालवलेलं पात्र) अमर होतो हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला म्हातारी आईपण दिली. मग तिची पत्रं यायला लागली. "नवे मित्र चांगले आहेत ना? तुला पुढे तर उभं करत नाहीत ना?" मी ती खरोखरच्या कागदावर, मुद्दाम वाकड्या अक्षरात लिहून आणायचे.

गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. फायरबॉल हा विझार्डचा, म्हणजे मांत्रिकाचा, आगीचा मंत्र; त्याचं नुकसान आठ साधे सहाचे फासे, म्हणजे सरासरी २८. त्यात फायरबॉलचा घेर २० फूट त्रिज्येचा. मी एकच केलं, दर लढाईत त्याला त्या घेराच्या बरोब्बर आत उभं केलं. तो हात हलवून म्हणायचा, "मी मदतीला आलोय!" विझार्डने हातातला फायरबॉल गिळून साध्या मंत्रांवर अख्खा अध्याय काढला. मी त्या पोराला एकदाही ओरखडा उमटू दिला नाही. तशी धमकीपण दिली नाही. पार्टीचं निम्मं सोनं मात्र त्याच्या चिलखतावर गेलं.

* * *

वरच्या ताईंना: तुमचा विझार्ड इव्होकेशन या जादूच्या शाखेचा असता तर स्कल्प्ट स्पेल्स ही खुबी वापरून गॉब्लिनला सहज वगळता आलं असतं.

* * *

तो नेक्रोमन्सीचा होता. त्याला ते वाचून आज पुन्हा त्रास होईल, तेव्हा आभारी आहे.

* * *

माझ्या छळाचं कारण माझंच ज्ञान. मी बरीच वर्षं खेळतोय, राक्षसांची आकडेवारी तोंडपाठ आहे. ते डीएमला खुपत असावं. एकदा मी बार्बेरियन (रानटी योद्धा) घेतला, बुद्धी ६, म्हणजे मठ्ठच. पार्टीत बाकी सगळे नवे.

भुयारात शिरलो. डीएम वर्णन करतेय: सगळीकडे जाळी, धूळ, उंदरांची हाडं. मग ती शांतपणे म्हणाली, "डावीकडचा बोळ मात्र अगदी स्वच्छ आहे. दहा फूट रुंद, दहा फूट उंच. फरशी चकचकीत."

नव्या मंडळींना बरं वाटलं. कोणीतरी देखभाल करतंय, मदत मिळेल, असं बोलणं सुरू झालं. माझ्या पोटात गोळा आला. दहा फुटी चौकोनी बोळ आणि धुळीचा कण नाही म्हणजे जेलॅटिनस क्यूब. पारदर्शक, बोळात फिट्ट बसणारा, वाटेतलं सगळं पचवत सरकणारा. पण हे मला माहीत होतं, माझ्या बार्बेरियनला नाही. त्याला स्वतःच्या कुऱ्हाडीचं स्पेलिंग येत नाही.

मी विचारलं, "इंटेलिजन्सचा रोल देतेस का?" दिला. मॉडिफायर वजा दोन. फासा चार दाखवत होता. ती म्हणाली, "तुला स्वच्छ जागा आवडतात."

मग मी माझं घसा खाकरणं, पाय वाजवणं, क्लेरिककडे रोखून बघणं सुरू केलं. प्रत्येक वेळी डीएम विचारायची, "हे कॅरेक्टर करतोय की तू?" मी म्हणायचो, मी. आणि तिने सगळ्यांत पुढे कोण चाललंय ते विचारलं तेव्हा मार्चिंग ऑर्डरच्या कागदावर माझंच नाव पहिलं होतं, माझ्याच अक्षरात. मी हसत हसत त्या जेलीत गेलो. कुऱ्हाड घेऊन, गाणं म्हणत. बुद्धी ६ चं पात्र कसं वठवावं याबद्दल नंतर टेबलाने मला इन्स्पिरेशन हे खेळातलं बक्षीस दिलं.

या धाग्याच्या मुख्य मुद्द्याबद्दल म्हणाल तर माझा छळ खेळाडूने स्वतः केला हे खरं, पण दोरी तिच्या हातात होती.

* * *

मास्तर अचानक गोड वागायला लागले. दुकानदाराने न मागता भाव कमी केला. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. खाणावळीत खोली फुकट. आम्ही रात्रभर पाळीपाळीने जागलो. काही झालं नाही.

काहीच झालं नाही!

* * *

इथे थोडं वेगळं लिहितो. सगळ्यांचा छळ प्रेमळ नसतो. एका टेबलावर नवीन गेलो होतो, कॅरेक्टरची पार्श्वभूमी दोन पानं लिहून. पहिल्याच खोलीत ते ट्रॅपमध्ये मेलं आणि मास्तरांनी टाळी वाजवली. बाकीचे खेळत राहिले, मी बघत बसलो. परत गेलो नाही. "कॅरेक्टरचा छळ, माणसाचा नको" ही वरची अट बोलायला सोपी आहे; नव्या माणसासाठी ते दोन्ही एकच असतं. सध्याच्या टेबलावर जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड मध्यभागी ठेवलेलं असतं. कार्डावर एक्स काढलेला, कोणी बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच कापायचा, कारण विचारायचं नाही. गंमत म्हणजे ते ठेवल्यापासून आमचे मास्तर जास्त निर्दय झालेत आणि आम्हाला जास्त मजा येते.

* * *

मान्य. अट लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, नव्या खेळाडूंचा विचार वेगळा मांडायला हवा. पुढचे किस्से?

* * *

रस्ट मॉन्स्टर अजून कोणी कसा काढला नाही? आमच्या फायटरने १,५०० सोन्याची नाणी साठवून प्लेट चिलखत घेतलं. पुढच्याच वळणावर हा लोखंड खाणारा प्राणी मिशा हलवत उभा. पाचव्या आवृत्तीत तो दर स्पर्शाला चिलखताचा एसी, म्हणजे संरक्षणाचा आकडा, एकाने कमी करतो, तो १० वर आला की चिलखत गेलं. जुन्या नियमांत एका स्पर्शातच गंज चढून तुकडे व्हायचे, म्हणजे आम्ही सुदैवी. फायटरने कपडे काढल्यासारखं चिलखत काढलं, ते डोक्यावर धरलं आणि पळत सुटला. मागे आम्ही, आमच्या मागे रस्ट मॉन्स्टर. लढायचं कोणालाच सुचलं नाही. प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांच्या पाकिटातल्या एका विचित्र आकृतीवरून हा प्राणी सुचला होता. त्याच पाकिटातून आऊलबेअर, म्हणजे घुबडतोंडं अस्वल, तोही आला. त्या पाकिटाने लोकांचं किती नुकसान केलंय बघा.

* * *

गणिताचा छळ: आमच्या डीएमचा घरचा नियम, हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर १ आला की शस्त्र हातातून निसटतं. ऐकायला गमतीशीर. आता विसाव्या लेव्हलचा फायटर घ्या, एका टर्नला चार हल्ले. किमान एकदा १ पडायची शक्यता १ वजा ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १८.५ टक्के. शेतातून कालच आलेल्या, एकच हल्ला करणाऱ्या पोराची ५ टक्के. जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज साधारण दर पाच-सहा टर्नला तलवार फेकून देतो! हा हिशोब मी छापून डीएमला दिला. त्याने तो वाचला, मान डोलावली आणि पुढच्या सेशनला तलवारबाजांच्या अकादमीत नेलं. तिथे सगळे आचार्य नऊ बोटांचे.

* * *

विश या मागाल ती इच्छा पुरवणाऱ्या मंत्राचा किस्सा. मास्तर शब्दांत पकडतात हे माहीत असल्याने आम्ही इच्छा करारनाम्यासारखी लिहिली. किल्ला हवा. आमच्या मालकीचा, निर्वेध, पूर्वी कोणाचा नसलेला, जमिनीवरचा, या जगातला, या काळातला, आत कोणीही नसलेला ("कोणी" यात मृत, अर्धमृत व अदृश्य यांचा समावेश). सही सगळ्यांची. नेहमीच्या यादीबाहेरची इच्छा मागितल्यावर विश कायमचा जाण्याची ३३ टक्के शक्यता असते, तीही पत्करली.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मिळाला."

किल्ला अगदी हवा तसा. आम्ही त्यात एकदाही झोपलो नाही. कॅम्पेन संपेपर्यंत किल्ल्यासमोर तंबू टाकून राहिलो. कॅम्पेन संपल्यावर विचारलं, नेमकी गोम काय होती? ते म्हणाले, "कसली गोम?" आजही खरं बोलत होते की नाही यावर आमच्यात दोन गट आहेत.

* * *

मास्तरांचाही होतो हो छळ. आमच्या डीएमने तीन नगरं आणि त्यांची राजघराणी तयार करून आणली होती. आम्ही पहिल्या नदीवर थांबलो आणि नावेचा धंदा सुरू केला. मोठा खलनायक शेवटी प्रवासी म्हणून आला तेव्हा रोगने बॅग ऑफ होल्डिंग (आत भरपूर जागा असलेली जादूची पिशवी) पोर्टेबल होलमध्ये (घडी करून नेता येणाऱ्या जादूच्या भोकात) टाकली. असं केलं की दोन्ही नष्ट होतात आणि दहा फुटांच्या आतले सगळे अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच जगात. खलनायक आणि आम्हीसुद्धा. डीएमने वही मिटली आणि बराच वेळ आढ्याकडे बघत बसला. मग फासा टाकला, बघितला आणि "हं" म्हणाला.

* * *

घाईत विचारतेय. उद्या सेशन आहे. मास्तरांनी सगळ्यांना निरोप पाठवलाय, "येताना एक जास्तीची कोरी कॅरेक्टर शीट आणा." एकच. कोणासाठी ते लिहिलेलं नाही. आमच्या गटात सकाळपासून यावरून भांडणं चालू आहेत आणि क्लेरिकने मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हाइव्हिफाय मंत्रासाठी ३०० नाण्यांचे हिरे आहेत का ते तपासलं, तर नाहीत. कोणाच्या मास्तरांनी असं पूर्वी केलंय का?