‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’ला मराठीत काय म्हणावं?

बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराच्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोंवर (वाद्यवृंदासाठीच्या सहा रचना) लेख लिहितेय. ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’चा उल्लेख हवाच आहे. ख्रिस्तोफर हॉगवुड यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये उभा केलेला हा वाद्यवृंद ‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’वर, म्हणजे संगीत रचलं गेलं त्या काळच्या पद्धतीच्या वाद्यांवर, वाजवतो. घोडं इथेच अडलंय. ‘प्राचीन वाद्ये’ म्हटलं तर वाचकाला वीणा-डमरू दिसणार, ‘जुनी’ म्हटलं की जुना बाजार, आणि ‘ऐतिहासिक’ म्हटलं की संग्रहालयातलं काचेचं कपाट. आणखी एक : ‘कॉन्चेर्तो’ तसाच ठेवू की त्यालाही प्रतिशब्द आहे?

—

‘प्राचीन’ बादच करा. त्या संस्थेच्या नावातलं ‘एन्शंट’ अठराव्या शतकातल्या एका लंडनच्या मंडळीकडून आलंय, आणि त्या मंडळीचं ‘प्राचीन’ म्हणजे त्यांच्या आधीची शे-दोनशे वर्षं.

‘जुनी’ मात्र वेगळ्याच कारणाने चुकतं. या वृंदांतली बरीच वाद्यं जुन्या नमुन्यावर हल्लीच्या कारागिरांनी बनवलेली असतात. उलट स्त्रादिवारी या इटालियन कारागिराची तीनशे वर्षांची व्हायोलिनं आज जशी वाजतात ती ‘पीरियड’ नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या माना बदलल्या, मागे कलत्या केल्या, आतली आधाराची लाकडी पट्टी जाड केली. आता त्यांवर धातूच्या किंवा धातू गुंडाळलेल्या तारा असतात. म्हणजे वाद्य जुनं, घडण नवी. बरोक (साधारण १६०० ते १७५०चा, बाखचा काळ) व्हायोलिनला आतड्याची तांत (सारंगीला असते तीच), हनुवटीचा आधार नाही, आणि गज बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला. ट्रंपेटला कळा नाहीत, बरेचसे स्वर ओठांनीच काढायचे. म्हणून माझं मत ‘तत्कालीन घडणीची वाद्ये’. लांब आहे, पण खोटं नाही. पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे ‘तत्कालीन वाद्ये’ चालून जाईल.

स्वरांच्या पट्टीबद्दलही एक वाक्य टाका. हे वृंद पांढरी सहाचा स्वर (पाश्चात्त्य ‘ए’) बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, आजच्या ४४०ला नाही. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्यांची पांढरी सहा आपल्या काळी चारवर बोलते. अर्धा स्वर उतरला की तांतेवरचा ताणही कमी होतो.

—

‘कालसुसंगत वाद्ये’ कसं वाटतं?

—

सरकारी परिपत्रकासारखं.

—

‘बरोक’चं भाषांतर करू नका, एवढंच सांगायला आलो. पोर्तुगीज ‘बारोको’ म्हणजे वेडावाकडा मोती, त्यावरून शब्द आल्याचं सहसा सांगतात. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च याच शैलीत गणतात, तेव्हा गोव्याच्या वाचकाला तरी तो परका नाही. संगीतात मात्र तो आधी शिवी म्हणूनच आला. १७६८च्या आपल्या संगीतकोशात रूसोने बरोक संगीत म्हणजे गोंधळलेल्या स्वरमेळाचं आणि विसंवादांनी लादलेलं संगीत, अशी व्याख्या केली होती. बाख किंवा विवाल्दीने स्वतःला बरोक म्हणवून घेतलं नव्हतं.

—

कॉन्चेर्तोविषयी. ‘मैफल’ नको, तो कॉन्सर्टचा अर्थ झाला. ‘जुगलबंदी’ मोहात पाडते, पण तिथे दोघे तोलामोलाचे असतात. कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या कॉन्चेर्तो ग्रोसोत (संग्रह १७१४ला छापला गेला) दोन व्हायोलिनं आणि एक चेलो असा छोटा गट एकीकडे, आणि बाकी सगळा वृंद दुसरीकडे. मूळ शब्दातही ही ओढाताण आहे : इटालियनमध्ये ‘कॉन्चेर्तारे’ म्हणजे मेळ घालणं, लॅटिनमध्ये त्याच रूपाचा अर्थ झगडणं. हे दोन्ही एका मराठी शब्दात मावत नाही, तेव्हा ‘कॉन्चेर्तो’च ठेवा. सगळ्यांनी मिळून वाजवायचा जो भाग पुन्हा पुन्हा परततो, त्या ‘रितोर्नेल्लो’ला मात्र बिनदिक्कत ‘ध्रुवपद’ म्हणा. फक्त तो दर वेळी त्याच स्वरावर परतत नाही, हे सांगा.

आणि पाचव्या ब्रँडेनबर्गला जागा द्या. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, त्याचं काम एरवी साथीचं. पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकीचे सगळे हात आवरतात आणि ते एकटंच साठाहून अधिक बार (तालाचे खंड) वाजत सुटतं. बाखने १७२१ मध्ये ब्रँडेनबर्गच्या मार्गग्राफला (तिथल्या राजघराण्यातल्या सरदाराला) पाठवलेल्या सहा रचनांतली ही एक. तुमचा ‘पीरियड’चा मुद्दा इथे कानाला कळतो. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, पियानोसारखी ठोकली जात नाही, त्यामुळे मोठ्या आधुनिक वृंदात तिचा आवाज बुडतो. तांतेच्या दहाबारा वाद्यांत नाही बुडत.

—

‘तत्कालीन घडणीची वाद्ये’ घेतलं, आभार. लिंगवचनाचं काय करू?

—

तो कॉन्चेर्तो, ते कॉन्चेर्तो. ‘फोटो’सारखं चालवा. ‘कॉन्चेर्ते’ केलंत तर मुद्रितशोधक पाठ सोडणार नाही.