जळगाव शहर सीट कायम सेफच, मग आपलं ऐकणार कोण?

पिंप्राळेकर
2024 च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागला, जळगाव शहरात भाजपचे राजूमामा भोळे तिसऱ्यांदा, लीड 80 हजारांच्या वर. मी अकरा वाजताच टीव्ही बंद केला. हे एका पक्षाविरुद्ध लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. 1980 पासून 2014 पर्यंत चौतीस वर्षं आमदार सुरेशदादा जैन, काँग्रेस झाली, राष्ट्रवादी झाली, सेना झाली, चिन्ह बदललं तरी मत दादांनाच, आणि 2014 पासून कमळ. माझ्या वडिलांच्या पहिल्या मतदानापासून आजपर्यंत या गावाने आमदार बदलला तो एकदाच, 2014 ला, आणि तोही रस्ते-गटारीसाठी नाही. भाजप-सेनेची युती ऐनवेळी तुटली, दादा घरकुल घोटाळ्याच्या प्रकरणात जेलमधून उभे होते, म्हणून. निकाल आधीच ठरलेला असला की उमेदवार दारात येतो तो फक्त हात जोडायला, ऐकायला नाही. हे मला मनापासून खुपतं.

रिंगरोडवाला
भाऊ, पटलं नाही. लोक काय झोपेत मत देतात का? दादांना चौतीस वर्षं दिलं कारण तेव्हा नगरपालिका असूनही गावाने सतरा मजली इमारत उभी केली, गोलाणी मार्केट झालं, बाहेरगावचा माणूस बघायला यायचा. आणि तेच लोक 2014 ला फिरले ना? मग सेफ कसली?
दुसरं म्हणजे गावच बदललंय, हे कोणी बोलत नाही. जुनं जळगाव म्हणजे नवी पेठ, दाणा बाजार, मारवाडी-गुजराती व्यापारी, सिंधी कॉलनी, सोन्याची दुकानं, डाळ मिल. नंतर पिंप्राळा, मेहरूण शहरातच आले, यावल-रावेरकडच्या लेवा पाटलांनी केळीच्या पैशातून इथे प्लॉट घेतले, मुलं शिकायला ठेवली, पाचोरा-पारोळ्याकडचे मराठा नोकरीला आले, एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात बाहेरचे कामगार आले. 2001 ला पावणेचार लाखांच्या आत असलेलं गाव 2011 ला 4 लाख 60 हजार झालं. 2009 ला तर मतदारसंघच जळगाव शहर म्हणून वेगळा झाला, ग्रामीण वेगळा. हा नवा मध्यमवर्ग कमळाला मत देतो ते विचार करून देतो.

पिंप्राळेकर
सतरा मजलीचा अभिमान मलाही होता, लहानपणी मामा आले की पहिले तीच दाखवायचो. पण त्याच काळात घरकुलांसाठी हुडको या सरकारी कंपनीचं कर्ज काढलं, घरं अर्धवट राहिली आणि कर्ज शहराच्या मानेवर बसलं. 2006 ला त्यावेळचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली, 2012 ला अटक, 2019 ला धुळ्याच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, पुढे अपील झालं. तेव्हा जाब विचारायला समोर तगडा विरोधक असता तर घरं अर्धवट राहिली असती का?

केळीबागायतदार
लेवा समाजाचं नाव निघालं म्हणून बोलतो, आमचं मत गठ्ठा म्हणून मोजू नका. आमच्या समाजाचे मोठे नेते नाथाभाऊ खडसे 2020 ला भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, तेव्हा सगळे म्हणत होते आता लेवा मतं जातील. गेली का? 2024 ला शहरात लीड उलट वाढलं. राजूमामा लेवा आहेत हे खरं, पण नुसत्या जातीने एवढं लीड येत नाही.

धुळ्याचा भाऊ
मी धुयाना शे, म्हणून सांगतो, सेफ नसलेल्या सीटचं सुख आम्ही बघितलंय. 2004 ला राष्ट्रवादीचे कदमबांडे, 2009 ला अनिल गोटे स्वतःच्या लोकसंग्राम पक्षावर, 2014 ला तेच भाजपवर, 2019 ला एमआयएमचे फारूक शाह थोडक्या मतांनी, आता भाजपचे अनुप अग्रवाल. वीस वर्षांत इतकी उलथापालथ, तरी पाण्याची बोंब आहेच आणि रस्त्यांचं विचारूच नका. उलट अटीतटीची सीट असली की प्रत्येक निवडणूक हिंदू-मुसलमान मोजणीवर येऊन थांबते, शेजारी शेजाऱ्याशी नीट बोलत नाही महिनाभर. ते तुम्हाला नको असेल असं वाटतं मला.

मेहरूणची ताई
धुळ्याचे भाऊ म्हणतात ते समजलं, पण आमच्या बाजूने पण बघा. सेफ सीटवर आमची, मुसलमानांची मतं कोणाला लागतच नाहीत. जिंकणाऱ्याला गरज नाही आणि हरणारा गृहीत धरतो, आमच्याशिवाय जाणार कुठे म्हणून. प्रचारात आमच्या गल्लीत रिक्षा आली, भोंगा वाजला, गेली. 2018 ला मनपात एमआयएमचे 3 नगरसेवक आले ते याच रागातून आले, धर्माच्या वेडातून नाही, तुम्ही काहीही समजा.

रिंगरोडवाला
ताई, गल्लीत कोणी येत नाही हे चूकच आहे, त्यावर वाद नाही. पण लोकसभेलाही 2009 पासून इथे कमळच, ए. टी. नाना पाटील, उन्मेषदादा पाटील, आता स्मिताताई वाघ. लोकांना तेच हवंय तर जबरदस्तीने चुरस कुठून आणायची?

पिंप्राळेकर
तुम्हीच 2018 ची मनपा आठवा. 75 पैकी भाजप 57, सेना 15, एमआयएम 3. यापेक्षा सेफ काय असतं? आणि 2021 च्या मार्चमध्ये भाजपचे 27 नगरसेवक फुटले, 45 विरुद्ध 30 ने सेनेच्या जयश्री महाजन महापौर झाल्या. त्या महापौर म्हणून चांगल्या की वाईट हा विषयच नाही. मी कमळावर शिक्का मारला आणि महापौर धनुष्यबाणाचा मिळाला, मला कोणी विचारलं नाही. निवडून आलेल्याला माहीत होतं की पुढच्या वेळी पण हे लोक कुठे जात नाहीत. माझा सगळा राग तिथे आहे.

केळीबागायतदार
हे मात्र खरं आहे. 27 वाल्यांचं माझ्याकडे उत्तर नाही.

मेहरूणची ताई
2023 पासून तर मनपावर सरकारने नेमलेला प्रशासकच होता, फुटायला पण नगरसेवक नव्हता. तेव्हा नळाला गढूळ पाणी आलं तर मी कोणाकडे जायचं होतं, हे कोणीतरी सांगा आधी.

पिंप्राळेकर
ताई, मनपाची पुढची निवडणूक लागली की आमच्या वॉर्डात जो कोणी मत मागायला येईल त्याच्याकडून मी स्टॅम्प पेपरवर लिहून घेणार, पक्ष सोडलास तर राजीनामा देशील का. कायद्यात त्याला किंमत नसेल, पण चार लोकांसमोर सही करताना हात थांबतो का ते दिसेल. मेहरूणमध्ये तुम्ही करा, रिंगरोडला हे भाऊ करतील का विचारतो.

रिंगरोडवाला
करतो. माझ्या पक्षाचा आला तरी करतो.