एसिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असताना प्रोटीन सी, एस कमी आलंय, घाबरायचं का?

गोदाकाठ: नमस्कार. बायकोला (वय ३१) गौरी-गणपतीत मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. आठ दिवस डोकं ठणकत होतं, आम्हाला वाटलं उपास, जागरण, पित्त असेल, मग उलट्या आणि एक फिट आली तेव्हा एमआरआयमध्ये कळलं. गौरी बसताना अडचण नको म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. हेपरिनची (रक्त पातळ करायची) इंजेक्शनं झाली, आता एसिट्रोम चालू, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी टेस्ट) २.४. परवा आम्हीच लॅबचं क्लॉटिंगचं पॅकेज केलं तर गुठळ्या रोखणारी प्रोटीनं कमी, प्रोटीन सी ३८ टक्के, प्रोटीन एस ३१ टक्के, आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वाढलेलं, ४२. काउंटरवरचा म्हणाला जन्मजात दोष आहे, गोळी आयुष्यभर. सासूबाई म्हणतात चार वर्षांच्या नातीचीपण टेस्ट करा. तीन रात्री झोप नाही हो.

निळं_टोपण: मी १४ वर्षं लॅबमध्ये आहे. दादा, आधी शांत व्हा. ही दोन्ही प्रोटीनं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून बनवतं आणि एसिट्रोम नेमकं तेच अडवतं, म्हणजे गोळी चालू असताना ती कमीच येणार, नॉर्मल आली असती तर मी उलट विचारलं असतं की गोळी नीट घेताय ना. डॉक्टर गोळी बंद करतील त्यानंतर किमान २ ते ४ आठवड्यांनी परत करा. पण टेस्टसाठी म्हणून स्वतः गोळी थांबवू नका, हे हात जोडून सांगतो. आईचंच अजून ठरलेलं नाही तर मुलीला सुई टोचायची काही गरज नाही. होमोसिस्टीन मात्र बघा, ते एसिट्रोमने वाढत नाही. सँपल बर्फात ठेवलं होतं का विचारा, नाहीतर खोटं वाढतं. शाकाहारी असाल तर बी१२ पण तपासा, ते कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं आणि आपल्याकडे खूप जणांचं कमी असतं.

सातारची_लेक: मला २०१९ ला बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी हेच झालं होतं त्यामुळे तुमची अवस्था कळते. माझ्या बाबतीत ट्रीटमेंट बदलली ती अँटीफॉस्फोलिपिडच्या (गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजच्या) टेस्टने, त्यात तीन असतात, ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून ठरत नाही, १२ आठवड्यांनी परत करतात. माझ्या तिन्ही दोन्ही वेळा पॉझिटिव्ह, म्हणून गोळी कायमची, आणि आयएनआर न लागणारी नवी गोळी मागितली तर डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, अशा पेशंटला तिच्यावर परत गुठळ्या होतात म्हणाले. तुमच्या पॅकेजमध्ये हे होतं का?

गोदाकाठ: आत्ता रिपोर्ट काढून बघितला, नाहीये!! फॅक्टर फाइव्ह लायडन (गुठळ्या होण्याचा जन्मजात दोष) ची टेस्ट आहे, निगेटिव्ह.

निळं_टोपण: तो जीनचा रिपोर्ट आहे, गोळीने बदलत नाही, पण तो दोष युरोपातल्या लोकांत जास्त, आपल्यात कमीच सापडतो. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ आत्ताही होतील, ल्युपसमध्ये एसिट्रोम घोळ घालतं, ते कधी करायचं न्यूरोवाल्यांना विचारा. आणि त्या पाळीच्या गोळ्यांचं नाव त्यांच्या फाइलवर लिहून घ्या, बऱ्याचदा कोणी सांगतच नाही.

गोदाकाठ: सांगितलंच नव्हतं आम्ही. गुरुवारी जातोय. आणि मेहुणीने दिवाळीसाठी त्याच गोळ्या आणून ठेवल्यात, तिला आत्ताच फोन लावतो.

सातारची_लेक: लावा, आणि सख्ख्या बहिणीला काय झालं ते तिच्या डॉक्टरांना सांगायला सांगा.