शब्द सुचवा: 'चिप', 'टॅग' की 'बिल्ला'?

विचारणा: सोसायटीच्या पार्किंगसाठी सूचना लिहायची आहे. गाडीच्या काचेवर एक स्टिकर लावायचं, फाटकावरचं यंत्र ते ओळखतं आणि दांडा वर जातो. मसुद्यात 'गाडीला चिप बसवून घ्यावी' असं लिहिलं होतं, तर दोन ज्येष्ठ सभासद बिथरलेच. 'म्हणजे आम्ही कुठे कुठे जातो ते कमिटीला कळणार?' दुसरा शब्द हवाय. 'रेडिओ वारंवारता ओळखपट्टी' वगैरे कृपया नको.

प्रतिसाद: 'टॅग' लिहा की. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

प्रतिसाद: सहमत. 'चिप' शब्दाला आपल्याकडे भलताच वास चिकटलाय. नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, नोट जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडते, ही अफवा आठवते ना? चांगली शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगत होती. नोटेत तसलं काही नव्हतंच.

तुमच्या स्टिकरमध्ये चिप असते, पण बॅटरी नसते. फाटकावरच्या यंत्रातून रेडिओलहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. आपण कुठे आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. गाडी काही मीटर पुढे गेली की ती मुकी. मात्र कोणती गाडी किती वाजता आली-गेली, हे फाटकावरच्या संगणकात राहतं. ज्येष्ठांनी धास्ती घ्यायचीच तर त्या नोंदींची घ्यावी.

प्रतिसाद: 'बिल्ला' कसा वाटतो? हमालाच्या दंडावर नंबरचा पितळी बिल्ला असायचा, याचंही काम तेवढंच.

प्रतिसाद: तो बिल्ला कुणालाही डोळ्यांनी वाचता यायचा, हा येत नाही. शिवाय गावाकडे बिल्ला म्हटलं की गुरांच्या कानातला पिवळा टॅग. आमच्याकडे त्यातही चिप आहे असं बरेच जण समजतात. असतो फक्त १२ अंकी क्रमांक आणि बारकोड, बाकी नुसतं प्लास्टिक. उलट मेट्रोच्या कार्डात खरोखरची चिप असते, पण तिचं नावही कुणी काढत नाही, कार्ड टेकवून पुढे जातात. कपड्यांच्या दुकानात दारापाशी बोंबलणाऱ्या त्या कडक टॅगांपैकी कित्येकांत तर चिपच नसते. ते नंबर सांगत नाहीत, फक्त 'मी इथे आहे' एवढंच.

विचारणारी: मग असं लिहिते: 'गाडीच्या काचेवर ओळख-टॅग लावून घ्यावा. फाटकावर त्याचा क्रमांक व वेळ नोंदली जाईल. गाडी बाहेर कुठे आहे, हे टॅगवरून कळत नाही.'

प्रतिसाद: छान. नोंदी किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार, तेही त्यातच लिहा, नाहीतर पुढच्या सभेत पुन्हा तोच गोंधळ. आणि 'ओळख' काढून टाका, नुसतं 'टॅग' पुरे.